खुशालीचं टेबल

४ मार्च

आज नव्या टेबलावर रुजू झालो. टेबलाचा एक पाय आखूड आहे. साहेब म्हणाले, "तुमचाही आहे. जोडी जमेल." साहेबांना विनोद करायची सवय आहे आणि हाताखालच्या माणसांना हसायची.

डॉक्टरांनी सांगितलंय, रक्तदाब आहे, मनातलं थोडं कागदावर उतरवत जा. खात्याच्या नियमात डायरी बसत नाही. तसा रक्तदाबही बसत नाही. म्हणून मधला मार्ग काढला आहे: इथे कुणाचंही नाव येणार नाही, आणि वही ताईच्या शिलाई मशीनच्या खोक्यात राहील. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, तिच्याच घरी मी राहतो. तिने शिवण सोडून कित्येक वर्षं झाली. घरात याहून सुरक्षित जागा नाही.

आमचं काम काय, हे स्वतःलाच एकदा नीट सांगून ठेवतो. गुप्तहेर खात्यातले बहुतेक लोक बसून माहिती गोळा करतात. आमची शाखा तसली नाही. आम्ही गणवेश न घालता सैनिकांचं काम करतो, तेही परक्या मुलखात. त्यात पकडले गेलो, तर "हे कोण लोक?" असं आमचंच सरकार सगळ्यांच्या आधी विचारतं. मी आधी बाहेर जायचो, मग जाणाऱ्यांना शिकवायचो. गुडघा गेल्यापासून शिकवणंही बंद. आता खुशालीचं टेबल.

माणूस बाहेर निघाला की त्याचा फोन या टेबलावर जमा होतो. घरच्यांना वाटतं, तो मालवाहू जहाजावर इंजिनं दुरुस्त करतो. समुद्रात बोलणं होत नाही, दोन ओळी तेवढ्या पोहोचतात. त्या दोन ओळी इथून मी पाठवायच्या.

आधीच्या बाई निवृत्त झाल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "कमी लिहा. आणि उशिरा लिहा." बिचाऱ्या कामाला कंटाळल्या असाव्यात.

७ मार्च

टेबलावर सध्या चार फोन आहेत. एका तुकडीची चार माणसं बाहेर आहेत. तिघांचं सोपं आहे. दोघांच्या आया "कधी येतोस" एवढंच विचारतात. तिसऱ्याचा भाऊ त्याची मोटारसायकल वापरतोय आणि तो कधीच न आला तरी भावाची हरकत दिसत नाही.

चौथा फोन उंटाचा. हे नाव मीच ठेवलं होतं, प्रशिक्षणात. उंच माणूस, पाण्यावाचून चालतो, आणि तोंड उघडलं तर फक्त जांभईसाठी. माझा गुडघा गेला तेव्हा मला पाठीवर घेऊन तोच डोंगर उतरला होता. सबंध वाटेत एकच वाक्य बोलला: "हलू नका."

त्याची बायको मोटार चालवायला शिकवते. मुलगी सात वर्षांची. फाइलीत लिहिलंय, बायकोला पाठदुखी.

दुपारी तिचा मेसेज आला. "पोहोचलास का?"

आमच्यात निरोप आला की आधी पोच द्यायची, ही सवय हाडात मुरलेली. मी त्याच मिनिटाला लिहिलं, "मिळालं. पोहोचलो. सर्व ठीक. पाठ कशी आहे?"

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. "कोणाची?"

"तुझी."

"बरी आहे. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा विचारलंस."

पहिल्याच दिवशी छाप पडली. उगाच लोक या टेबलाला घाबरतात.

१२ मार्च

उंटाची बायको हुशार आहे, पण मीही कच्चा नाही. तिने लिहिलं, "समुद्रात नेटवर्क फारच सुधारलेलं दिसतंय. पूर्वी चार-चार दिवस तुझं उत्तर नसायचं. आता मी फोन खाली ठेवायच्या आत येतं."

मी लिहिलं, "मिळालं. कंपनीने नवीन अँटेना बसवला."

"कंपनीचे आभार मान," ती म्हणाली. प्रसंग निभावला.

१५ मार्च

आज थोडी धावपळ झाली. सकाळीच तिचा मेसेज: "तुझ्या मावशीला बरं नाही."

फाइलीत मावशीच नाही. खालच्या मजल्यावर नोंदणीवाल्याकडे गेलो. त्याने कपाट न उघडताच सांगितलं, "त्याची आई एकुलती एक होती." म्हटलं, "बघून सांगा." त्याने कपाट उघडलं, बघितलं, आणि तेच सांगितलं. अशा कामचुकार लोकांच्या भरवशावर आपण माणसं बाहेर पाठवतो. मावशी आजारी पडते आणि आमच्या दप्तरी ती जन्मालाच आलेली नाही.

मी लिहिलं, "मिळालं. वाईट वाटलं. डॉक्टरांना दाखवलं का? पथ्य सांभाळ म्हणावं."

"तुझा मावशीवर किती जीव आहे," तिने लिहिलं. "मला कधी कळलंच नाही."

२२ मार्च

मावशी सुधारली. नुसती सुधारली नाही, तिला आता मोटार शिकायची आहे. मला हे पसंत नाही आणि मी तसं कळवलं. या वयात हे धाडस कशाला?

"कोणत्या वयात?" तिने विचारलं.

आता आली पंचाईत. मी सावधपणे लिहिलं, "आधी डोळे तपासून घ्यावेत."

"डोळे उत्तम आहेत तिचे," उत्तर आलं. "तिला सगळं दिसतं."

मग माझा नाइलाज झाला. शिकू दे म्हटलं.

२९ मार्च

आज एक चूक झाली. दुपारी मुलीने आईच्या फोनवरून लिहिलं, "बाबा, माझा दात पडला. तुमचे किती पडलेत?"

लहान मुलीला ताटकळत ठेवू नये म्हणून मी लगेच लिहिलं, "दोन."

मग लक्षात आलं, हे माझे. उंटाची बत्तिशी शाबूत आहे.

"दोन?" हा प्रश्न अर्थातच आईचा.

"जहाजावर घसरलो," मी लिहिलं.

"जपून राहा. या वयात हाडं लवकर जुळत नाहीत."

उंट छत्तिशीचा आहे. नवऱ्याचा घसरलेला पाय ऐकून बाई घाबरली असावी, म्हणून असं काहीतरी लिहून गेली.

संध्याकाळी ताईला सहज विचारलं, दात पडलेल्या मुलीशी बाप काय बोलतो. ताईने भाजी निवडणं थांबवलं. "ऑफिसात कोणी आहे का रे?" म्हणाली. म्हटलं, ऑफिसात सगळेच आहेत. "तसं नाही विचारत मी." मग मीच उठून बाहेर गेलो. चोपन्नाव्या वर्षी असल्या चौकशा सहन होत नाहीत.

२ एप्रिल

ताईने अचानक उशांचे अभ्रे शिवायला काढलेत. दिवसभर मशीन चालू. आधी खोकं उघडलं. पण वही खोक्यात जागच्या जागी होती, उलट नीट सरळ करून ठेवलेली. ताई इतकी कामात बुडालेली असते की तिचं लक्षही गेलं नसेल.

९ एप्रिल

आजचा मेसेज उतरवून ठेवतो, कारण तो डोक्यातून जात नाही.

"खरं सांगू? तू घरी असतोस तेव्हा भिंतीशी संसार केल्यासारखं वाटतं. तसा तू वाईट नाहीस. माझ्या आधी उठून माझी गाडी पुसून ठेवतोस, ते मला दिसतं. पण बोलत नाहीस. आणि आता पाठ विचारतोस, दात विचारतोस, मावशीच्या चष्म्याचा नंबर विचारतोस. मला आवडतंय. आवडतंय याचीच भीती वाटते."

उंटाच्या वतीने खोटं बोलणं ही माझी नोकरी. पण उंटाच्या वतीने चांगलं वागणं नोकरीत बसतं का, ते कुठे लिहिलेलं नाही. तो माणूस कुठल्यातरी दरीत दगडाला पाठ टेकून बसला असेल आणि इकडे मी त्याच्या बायकोच्या मनात त्याच्यासाठी जागा करतोय. की स्वतःसाठी? हा प्रश्न लिहिला, पण त्याचं उत्तर लिहीत नाही.

शेवटी "मिळालं" एवढंच पाठवलं. त्या मेसेजला हे फारच कोरडं उत्तर होतं, पण उंट असता तर त्याने एवढंही लिहिलं नसतं.

बाहेर गेलेला प्रत्येक मेसेज साहेब मागाहून वाचतात. जाताना माझ्या टेबलाशी थांबले. "तुम्ही त्याचा संसार दुरुस्त करून ठेवलात," म्हणाले. "परत आल्यावर तो चालवणार कोण?" या वेळी मला हसू आलं नाही.

१९ एप्रिल

साहेबांनी आत बोलावून दार लावून घेतलं.

तिघं परत आले. उंट नाही आला. नदीच्या पुलापाशी पाठलाग सुरू झाला, तेव्हा तो मागे थांबला, बाकीच्यांना निघता यावं म्हणून. त्यानंतर त्याला कोणी पाहिलेलं नाही.

साहेब म्हणाले, "नियम तुम्हाला माहीत आहे. बातमी पक्की होईपर्यंत खुशाली चालू."

नियम मला माहीत आहे. मी स्वतः तो नवीन पोरांना शिकवलाय, फळ्यावर लिहून. तेव्हा तो फार शहाणपणाचा वाटायचा.

टेबलाशी आलो तर तिचा मेसेज येऊन पडलेला. मुलीला नवा दात दिसायला लागलाय. मी "मिळालं. सर्व ठीक" लिहिलं आणि फोन पालथा ठेवला. मला भीती वाटते आहे. उंटाची, तिची, आणि या तीन शब्दांची.

२१ एप्रिल

अजून काही नाही. काल आणि आज तिला दोन-दोन शब्दांपलीकडे लिहिता आलं नाही, तेही उशिरा. आधीच्या बाई सांगत होत्या तसंच झालं अगदी, पण कंटाळ्याने नव्हे.

दुपारी तिने विचारलं, "काय झालंय? गप्प का झालास?"

"काही नाही. काम जास्त आहे."

मग एकच ओळ:

"मावशी कशी आहे?"

आता मावशी तिच्याच गावात, तिच्याकडेच मोटार शिकते, आणि विचारते मला? पण माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. जे खरं होतं ते लिहिलं: "मावशीचं मला काहीच कळलेलं नाही."

तिचं उत्तर आलं नाही. रागावली असेल. इतके दिवस मावशीची चौकशी करून आज हात झटकले, असं वाटलं असेल तिला.

२३ एप्रिल

कालपासून तिच्याकडून अक्षर नाही. असं कधी झालं नव्हतं.

आज न राहवून ताईला विचारलं. अर्थात ऑफिसातल्या एका मित्राची गोष्ट म्हणून. मित्र एका बाईला तिच्या नवऱ्याच्या नावाने लिहितो, बाई नवऱ्याच्या मावशीबद्दल लिहीत असते, आणि आता एकदम गप्प झाली.

ताईने दाताने दोरा तोडला. "नवऱ्याला मावशी आहे?"

"नोंदीत नाही."

"मग नाहीच. अरे, तुझ्या त्या मित्राला ती पहिल्या दिवसापासून खेळवतेय. दहा वर्षांत ज्याने पाठ विचारली नाही, तो जहाजावर चढल्या चढल्या विचारतो? आणि मिनिटभरात उत्तरं देतो? मावशी टाकून बघितली तिने. तुझा मित्र मावशीसकट पाण्यात."

"मग तिने सांगितलं का नाही, की मला कळलंय म्हणून?"

"सांगून काय करणार? दुसऱ्या टोकाला कोणीतरी आहे, तेवढं तरी तुटू नये म्हणून."

ताईने अभ्रा उलटा केला, शिवण तपासली. मग हळू आवाजात म्हणाली, "आणि परवा तिने मावशी कशी आहे म्हणून विचारलं ना, ते मावशीला नाही विचारलं."

मी इतकी वर्षं लोकांना शेंड्या लावायला शिकवलं, आणि मोटार शिकवणाऱ्या एका बाईने मला महिनाभर शेंडी लावली, आणि मला तिच्या मावशीची औषधं आठवून आठवून काळजी वाटत होती. पण त्याची लाज आता दुय्यम आहे. तिने विचारलं, माझा नवरा जिवंत आहे का? आणि मी उत्तर दिलं, मला काहीच कळलेलं नाही. नियम मोडला तोही न कळता, आणि सांगितलं तेही सगळ्यात वाईट.

ताईला नेमका परवाचा दिवस कसा ठाऊक, हे आत्ता लिहिताना मनात आलं. मीच बोललो असेन.

२४ एप्रिल

सकाळी तिचा मेसेज आला.

"ठीक आहे. कळेल तेव्हा सांग. चांगलं असो, वाईट असो, सांग. मी रोज शिकवायला जातेय. मुलीला काही बोलले नाही."

मी लिहिलं, "सांगेन."

हा शब्द देताना मी कोणालाही विचारलं नाही. तो उंटाच्या नावाने गेला असला तरी दिलेला मी आहे. साहेबांनी तो वाचला असणारच. काही बोलले नाहीत.

३० एप्रिल

काही नाही. ती रोज एक ओळ लिहिते, आज पाऊण तास गिअर शिकवला, आज एक काका थेट भाजीच्या दुकानात घुसले. मावशीचा विषय काढत नाही. मीही रोज पोच देतो. आम्ही दोघंही एकमेकांना सगळं ठाऊक असल्याचं दाखवत नाही. मला हे काम आता जमायला लागलंय आणि आता मला ते नको झालंय.

ताई रोज विचारते, "तुझ्या मित्राचं काय?" मी नाही म्हणून मान हलवतो. ती वाढून ठेवते, मी तसाच उठतो.

२ मे

उंट जिवंत आहे.

सीमेच्या अलीकडे एका लहानशा दवाखान्यात स्वतःच्या पायांनी चालत आला. खांद्याचं हाड मोडलंय, बरगड्यांना मार आहे, वजन निम्मं झालंय. साहेबांनी सांगितलं तेव्हा मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो थोडा वेळ धरू दिला.

मग ते पुन्हा साहेब झाले. "त्याची चौकशी पूर्ण होईपर्यंत घरच्यांना काही कळवायचं नाही. महिना तरी जाईल. नेहमीप्रमाणे सर्व ठीक लिहा."

टेबलाशी जाऊन बसलो. सर्व ठीक हे शब्द मी वाईटातल्या वाईट दिवशीही पाठवलेत. त्यांच्यावर ती आता का विश्वास ठेवेल? आज खरोखर सगळं ठीक आहे, तर ते सांगायला माझ्याकडे शब्दच उरला नाही. आणि न सांगावं, तर ती आणखी महिनाभर रोज गिअर शिकवत राहणार, पोटात हे घेऊन.

मी मेसेज लिहिला. पाठवण्याआधी साहेबांकडे घेऊन गेलो. आधी पाठवून टाकता आला असता, पण या माणसासमोर मला चोरटेपणा करायचा नव्हता. नोकरी जाईल, पेन्शन अडकेल, सगळं मनात मोजून गेलो होतो.

साहेबांनी चष्मा लावून वाचलं. "मावशी सापडली. जिवंत आहे. खांदा मोडलाय, बरा होईल. चांगलं बोलते आहे. महिन्याने घरी येईल."

"ही कोणाची मावशी?"

"उंटाची."

"नोंदीत आहे?"

"नाही, साहेब."

ते उठून खिडकीशी गेले. खाली टायरवाल्याच्या दुकानात कोणीतरी चाकात हवा भरत होतं. मग म्हणाले, "नोंदीत नसलेल्या बाईबद्दल नियमात काही असायचं कारण नाही." आणि फोन परत देताना बोट टेकवून म्हणाले, "ते 'चांगलं बोलते आहे' काढा. त्यावर तिचा विश्वास बसणार नाही."

ते काढलं आणि मेसेज पाठवला.

संध्याकाळपर्यंत उत्तर नाही. मी फोन घेऊन खिडकीत उभा राहिलो, पायऱ्यांवर उभा राहिलो, टेबलावर ठेवून लांबून बघत राहिलो. तिला कळलं नसेल का? की मी परत कुठेतरी चुकलो? घरी ताईने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही.

३ मे

सकाळी टेबलावर जाऊन बसलो तेव्हा उत्तर येऊन पडलं होतं. तेच खाली उतरवतो.

"भावजी, काल लिहिता आलं नाही, रडू थांबत नव्हतं. आता बरी आहे. मुलीला सांगितलं, बाबा येतोय. तो आला की त्याला मी काही विचारणार नाही, तुम्हालाही विचारणार नाही. एकच विचारते. इतके दिवस तुम्ही आमची चौकशी करत होतात. तुमचं कसं आहे?"

मी तो पुन्हा पुन्हा वाचला. या टेबलावरून रोज कोणाची ना कोणाची खुशाली जाते. टेबलाची खुशाली विचारायची कोणाला कधी गरज पडली नव्हती. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसले नाहीत, कारण बघायला कोणी नव्हतं.

या वेळी पोच द्यायची घाई केली नाही. मग लिहिलं, "वहिनी, मी बरा आहे. कित्येक दिवस घशाखाली काही उतरत नव्हतं. आज जेवेन."

हे मी उंटाच्या वतीने लिहिलं नाही.